मदत हवी आहे: वादळानंतर शिक्र्याचे पिल्लू घरट्याबाहेर

मखमलाबाद शिवारातील आमच्या द्राक्षबागेच्या बांधावर, जुन्या आंब्याच्या शेंड्याजवळ शिक्रा या छोट्या शिकारी पक्ष्याचे घरटे असून गेले तीन आठवडे मी ते सुमारे चाळीस मीटरवरून दुर्बिणीने पाहत आहे. परवा संध्याकाळी वळवाच्या पावसाबरोबर आलेल्या वाऱ्याने घरटे एका बाजूला कलंडले आणि दोनपैकी एक पिल्लू तेव्हापासून खालच्या फांदीवर बसलेले आहे. छातीवर तपकिरी उभे ठिपके उमटले आहेत, मात्र डोक्यावरची पांढरी लव पूर्ण गेलेली नाही आणि शेपूट आखूड आहे. पंख लोंबत नाहीत, फांदीवरची पकड घट्ट दिसते. मादी जवळच असते. पण काल दिवसभरात तिने त्याला एकदाच भरवले, याची फार काळजी वाटते. कावळेही घिरट्या घालतात.

मी झाडाखाली गेलेलो नाही, खाद्य ठेवलेले नाही आणि वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ लक्षात घेता पिल्लाला हात लावणार नाही. उडण्यापूर्वी पिल्ले फांद्यांवर उतरतात हे ठाऊक आहे. तरी हे स्वतःहून उतरले की वाऱ्याने पडले, हे कोणत्या लक्षणांवरून ओळखावे, आणि किती वेळ वाट पाहून वनविभागाला कळवावे?