‘तोंडी शब्दाला कोर्टात किंमत नाही’

वर एकांनी लिहिलंय की बापाने नुसतं तोंडी ‘शेत तुझंच’ म्हटलं तर ते कोर्टात टिकत नाही. सगळीकडे तसं नाही हो. इंग्लंडमध्ये ‘प्रॉपरायटरी इस्टॉपेल’ नावाचं तत्त्व आहे. शब्द दिला, त्यावर विसंबून समोरच्याने आयुष्य घातलं आणि त्यात त्याचं नुकसान झालं, हे सिद्ध केलं की शब्द सहजासहजी फिरवता येत नाही.

२००९ चा निकाल बघा. एकाने वडिलांच्या चुलतभावाच्या शेतावर जवळजवळ तीस वर्षं बिनपगारी राबून काढली. म्हातारा अबोल. १९९० मध्ये विम्याच्या बोनसचा कागद त्याच्या हातात देत ‘माझ्या मृत्यूनंतर लागणाऱ्या करासाठी’ एवढंच म्हणाला. अशा सूचक बोलण्यालाही कोर्टाने शब्द मानलं. मृत्युपत्र नसतानाही शेत त्या राबणाऱ्यालाच मिळालं. (असे अबोल म्हातारे कुठे नसतात?)

आईबाप हयात असतील तर मात्र गुंता वाढतो. २०२२ च्या खटल्यात सोळाव्या वर्षी शाळा सोडून घरच्या शेतावर राबलेल्या मुलाचं नाव भांडणानंतर मृत्युपत्रातून काढलं. न्यायाधीशांतही ३ विरुद्ध २ असे तट पडले. शेवटी पर्याय आईवडिलांना दिला: जमीन विश्वस्त निधीत ठेवून वारसा त्यांच्या पश्चात द्या, नाहीतर आत्ताच पैसे द्या. पण वेळेआधी मिळतंय म्हणून रक्कम कमी. मला हे पटतं. त्यांनाही त्याच शेतावर म्हातारपण काढायचं असतं.

तेव्हा कोण काय म्हणालं, कधी, कोणासमोर, हे आत्ताच लिहून ठेवा.