प्रति: रॅम भरली म्हणून लगेच नवी घेऊ नका
नुसता क्रोम उघडला तरी रॅम भरतीय म्हणून रॅमची नवी स्टिक (पट्टी) घेणार म्हणालात, थांबा की जरा. क्रोममध्येच शिफ्ट-एस्केप दाबा, त्याचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडतोय, कुठला टॅब किती खातोय ते तिथंच कळतंय. आणि मशीन स्लो होण्यामागं गरम होणंही असू शकतंय, तेही बघा; पण प्रोसेसरचं तापमान विंडोजच्या टास्क मॅनेजरात शोधत बसू नका, तिथं ग्राफिक्स कार्डाचं दिसतंय, प्रोसेसरचं नाही, त्याला एचडब्ल्यूइन्फो (HWiNFO, तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर) टाका. आमच्या टिळकवाडीत एका पोराचा लॅपटॉप व्हिडिओ कॉल लावला की 97 डिग्रीला जायचा नि प्रोसेसरचा स्पीड धाडकन 0.8 गिगाहर्ट्झवर, सगळे व्हायरस व्हायरस करत बसलेले, उघडलं तर फॅनच्या जाळीत धुळीचं घोंगडं (रस्तेच तसले आमचे)! ब्रश मारला, प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट (उष्णता बाहेर नेणारा लेप) बदलली, आता 75 च्या वर जात नाही. तुमचा तापमानाचा आकडा बघून इथं टाका, मग रॅमचं बोलू.