सीआयएसएसपी पुन्हा हुकली. तयारीत काय बदलावे?

प्रश्न: सीआयएसएसपी या माहिती-सुरक्षेच्या प्रमाणपत्र परीक्षेत मी पुन्हा अनुत्तीर्ण झालो आहे. सराव चाचण्यांत गुण चांगले पडतात, पुस्तके जवळजवळ पाठ आहेत. तरीही प्रत्यक्ष परीक्षेत दोन पर्याय सारखेच बरोबर वाटतात आणि नेमका चुकीचा निवडला जातो. आता काय बदलावे?

उत्तर १: अडचण पाठांतराचीच असावी. उदाहरणार्थ, सर्व्हरमध्ये घुसखोरीचा संशय आल्यावर सर्वप्रथम काय करावे, असे विचारले की तांत्रिक माणसाचा हात लगेच पॅचकडे, म्हणजे सॉफ्टवेअरमधील त्रुटी बुजवणाऱ्या दुरुस्तीकडे, जातो. परंतु तेथे आधी घटनेची खातरजमा, मग प्रसार रोखणे असा क्रम अपेक्षित असतो आणि दुरुस्ती बरीच पुढे येते.

उत्तर २: अनुत्तीर्णांच्या निकालपत्रात आठही विषयक्षेत्रांतील पातळी दिलेली असते, जेथे ती कमी आहे, तेथूनच सुरुवात करावी. सरावाचे गुण, माझ्या मते, फसवे असतात, कारण तेच प्रश्न पुन्हा सोडवताना उत्तर समजलेले नसते, केवळ आठवलेले असते.

उत्तर ३: पहिल्या अपयशानंतर ३०, दुसऱ्यानंतर ६० आणि तिसऱ्यानंतर ९० दिवस थांबावेच लागते, तेव्हा घाई तशीही उपयोगाची नाही. शिवाय, तुमच्या उत्तरांनुसार पुढील प्रश्न ठरत असल्यामुळे पेपर शेवटपर्यंत अवघडच वाटणार. त्यावरून मध्येच निकालाचा अंदाज बांधू नये.