मदत हवी आहे : लिंबूवर्गीय फळांचा अर्क आणि आईची औषधे
माझ्या ७६ वर्षांच्या आईला एका नातेवाइकांनी अँटिऑक्सिडंट म्हणून लिंबूवर्गीय फळांच्या अर्काच्या गोळ्या आणून दिल्या असून, बाटलीवर हेस्पेरिडिन (लिंबूवर्गीय फळांतील एक नैसर्गिक घटक) आणि ५०० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व एवढेच छापलेले आहे. अर्क नेमका कोणत्या फळाचा, याचा उल्लेख नाही. माझी खरी काळजी तीच आहे. ग्रेपफ्रूट या पपनसासारख्या लिंबूवर्गीय फळातील घटक आतड्यात औषधाचे विघटन करणारे विकर (एन्झाइम) रोखतात, त्यामुळे कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांचे रक्तातील प्रमाण वाढते, आणि आई रोज त्यांपैकीच अ‍ॅटोरव्हास्टॅटिन घेते. तिला पूर्वी मूतखडाही झाला होता, त्यामुळे क जीवनसत्त्वाच्या एवढ्या मात्रेचीही धास्ती वाटते.

हेस्पेरिडिन सालीखालच्या पांढऱ्या पापुद्र्यात भरपूर असते, आणि आई तर संत्र्याच्या फोडीवरचा एकेक धागा सोलून काढते. अर्काऐवजी धाग्यांसकट फोडी खाणे पुरेसे ठरेल का? डॉक्टरांशी बोलणारच आहोत. त्यांना नेमके काय विचारावे, हे जाणकारांनी कृपया सुचवावे.