मदत हवी आहे : कंटेनरमधलं स्नॅपरेड रात्रीऐवजी सकाळी सिंक करतंय

नमस्कार मंडळी. परभणीत घरच्या जुन्या पीसीवर डेबियन लिनक्स टाकून सर्व्हर केलाय. 4 टीबीच्या तीन डिस्क आहेत, दोन डेटाच्या आणि एक पॅरिटीची (एखादी डिस्क गेली तर तिचा डेटा परत उभा करायला लागणारी माहिती). त्यात आजीच्या जात्यावरच्या ओव्यांचं रेकॉर्डिंग आहे. आजी आता नाही, म्हणून जीव टांगणीला लागलाय.

ही पॅरिटी सांभाळणारं सॉफ्टवेअर, स्नॅपरेड, डॉकर कंटेनरमध्ये (सर्व्हरवरच्या वेगळ्या बंदिस्त कप्प्यात) चालतं. कंटेनरमधल्या क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी काम सुरू करणारा प्रोग्राम) सिंकची, म्हणजे पॅरिटी ताज्या फायलींशी जुळवण्याची, वेळ रात्री 2 ची, पण सिंक सुरू होतं सकाळी 7:30 ला. साडेपाच तासांचा फरक, म्हणजे कंटेनर यूटीसीवरच (जागतिक प्रमाणवेळेवर) आहे. नेमकी त्याच सुमारास आमच्याकडे लाईट जाते, आणि इन्व्हर्टरवर सर्व्हर फार वेळ तग धरत नाही. टीझेड या टाइमझोनच्या सेटिंगमध्ये आशिया/कोलकाता दिलंय, तरी जैसे थे. कंटेनरची इमेज अल्पाइन या छोट्या लिनक्सची आहे. टाइमझोनची माहिती असलेलं टीझेडडेटा पॅकेज नसल्यामुळे असं होतं का? की क्रॉन होस्टवरच (मूळ डेबियनवर) ठेवून तिथून डॉकर एक्झेकने कंटेनरमध्ये सिंकची कमांड चालवावी? मला दुसरा मार्ग जास्त पटतोय, कारण लॉगही एकाच जागी राहतील.

अजून एक. अख्खी डिस्क रिकामी दिसली तर स्नॅपरेड स्वतःहून थांबतं, पण चुकून थोड्याच फायली उडाल्या तर तेही निमूट सिंक करून टाकतं. मग परत आणायचं कुठून? आधी डिफ (मागच्या सिंकनंतर काय बदललं ते दाखवणारी कमांड) चालवून, ठरावीक आकड्यापेक्षा जास्त फायली डिलीट दिसल्या तर सिंक रोखणारी स्क्रिप्ट कुणी वापरत असेल तर कृपया इथं टाका. घरातल्या फोटोंसाठी तो आकडा किती ठेवता, तेही सांगा.