मूल दोन वर्षांचं असताना नव्या वर्षात चर्चची सेवा अंगावर घ्यावी का?

भुईगावची सून (२९ डिसेंबर, रात्री ११:४०)

मुलगी आत्ता कुठे झोपलीय, म्हणून लिहायला बसले. मतं सडेतोड द्या, गोड बोलणारे घरात पुष्कळ आहेत.

वसईत सासर, अंधेरीला नोकरी, मुलगी दोन वर्षांची. काल पवित्र कुटुंबाचा सण झाला. त्या मिस्सेत (चर्चमधल्या उपासनेत) फादरांनी स्वयंसेवकांसाठी आवाहन केलं: ज्युबिली वर्ष (चर्चचं २०२५ चं पवित्र वर्ष) ६ जानेवारीला संपतंय, त्याआधी नावं द्या. मी दोन ठिकाणी नाव द्यायचं म्हणतेय. नववीच्या मुलांचा दृढीकरणाच्या (बाप्तिस्म्यानंतर श्रद्धा पक्की करण्याच्या संस्काराच्या) तयारीचा वर्ग, दर रविवारी. आणि गरीब-एकट्या माणसांना मदत करणाऱ्या विन्सेंट दी पॉल सोसायटीच्या गटाबरोबर महिन्यातून एकदा घरभेटी. शिवाय माझे स्वतःचे दोन संकल्प आहेत. पूर्ण रोझरी (जपमाळ) जमली नाही तरी रोज एक दशक, म्हणजे दहा मणी, आणि रात्री नऊनंतर मोबाईल कपाटात. (आज तो मोडलेला दिसतोच आहे, पण नवं वर्ष अजून लागायचंय.)

सासूबाई म्हणतात, पोर मांडीवर आहे तोवर तुझं देऊळ तिथेच. माझी आईसुद्धा हेच म्हणते, फक्त फोनवरून. मला पटत नाही. आगमनकाळात (नाताळआधीच्या आठवड्यांत) गटाबरोबर एका घरी गेले होते, मुलगी कडेवर होती. आजींची मुलं गल्फला. टेबलावर गोळ्यांच्या पट्ट्या कात्रीने एकेक कापून दोन वाट्यांत ठेवलेल्या, सकाळची वाटी पितळेची, रात्रीची स्टीलची, म्हणजे चष्मा नसला तरी हाताला कळावं. आमच्या बाईसाहेबांनी सरळ पितळेच्या वाटीत हात घातला. मी ओरडणार तेवढ्यात आजीच म्हणाल्या, घालू दे गं, या वाटीला माझ्याशिवाय कुणाचा हात लागत नाही. निघताना त्यांनी माझ्या मुलीला विचारलं, परत कधी येशील? मला नाही विचारलं.

मूल मोठं झाल्यावर बघू म्हणत माझ्या ओळखीतल्या बायकांची दहा-दहा वर्षं गेलीत. मग दुसरं मूल, मग दहावी, मग सासऱ्यांचं आजारपण. नुसती घरात बसून माझी श्रद्धा टिकत नाही, हे मला माझ्यापुरतं कळलंय. बोला.

आगाशीचा नाना (३० डिसेंबर, सकाळी ६:१५)

पोरी, सासूबाईंच्या बाजूने एक मत माझं.

चर्च तुझ्यापेक्षा शहाणं आहे. कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथाचा २१८१ वा परिच्छेद वाच. रविवारची मिस्सा बंधनकारक आहे, पण गंभीर कारण असेल तर सूट आहे, आणि त्या कारणांची उदाहरणं दोनच दिली आहेत: आजारपण आणि तान्ह्या मुलांची काळजी. जिथे मिस्सेलाच सूट आहे तिथे वर्ग आणि घरभेटी कुठून आल्या?

मार्कच्या सातव्या अध्यायात येशू परूश्यांवर का चिडतो? आईबापांना द्यायचं ते ‘कुर्बान’ म्हणून देवाच्या नावावर टाकायचे आणि हात वर करायचे. घरच्या माणसाच्या वाट्याचं काढून देवाला वाहिलेलं त्याला चालत नाही. तुझ्या पोरीचा रविवार हा तिचा आहे. आठवडाभर तू सकाळची लोकल पकडून जातेस ती दिवे लागल्यावर परत. उरतो काय तिच्यासाठी?

म्हाताऱ्यांच्या घरी आम्ही निवृत्त मंडळी जाऊ. तू पाच वर्षं थांब.

सुकेळी (३० डिसेंबर, सकाळी ९:०२)

नाना, सूट आणि बंदी यात फरक आहे की नाही? ज्याला जमत नाही त्याच्यावर पाप येऊ नये म्हणून ती सूट. ज्या बाईला जायचंय तिला घरी बसवण्यासाठी ती वापरू नका.

आणि लूकचा पहिला अध्यायही वाचा. देवदूत येऊन गेल्यावर मरिया घरी पाय वर करून बसली नाही. घाईघाईने डोंगराळ मुलखात एलिझाबेथकडे गेली आणि तीन महिन्यांच्या आसपास राहिली. म्हाताऱ्या गरोदर बाईकडे. ही घरभेट नाही तर काय?

विरार फास्ट (३० डिसेंबर, सकाळी ९:२०)

मरियेच्या कडेवर तेव्हा मूल नव्हतं. दाखला बसत नाही.

सुकेळी (३० डिसेंबर, सकाळी ९:२४)

पोटात होतं! आणि वाट चढाची होती.

नगरी मंडळी (३० डिसेंबर, दुपारी १:१०)

मी प्रोटेस्टंट, अहिल्यानगरचा. तुमची माळ आणि ज्युबिली आमच्याकडे नाही. आमच्याकडे ३१ तारखेला रात्री वॉच नाईटची प्रार्थना आणि १ तारखेपासून वर्षभरात बायबल वाचून काढायचा संकल्प, जो बहुतेकांचा लेवीय या तिसऱ्याच पुस्तकापाशी दम तोडतो. पण विषय आमचाही आहे.

पंडिता रमाबाईंचं नाव अजून कसं कुणी घेतलं नाही? १८८१ मध्ये मनोरमा झाली, पुढच्याच वर्षी नवरा गेला. १८८३ मध्ये ती लहानगी घेऊन त्या इंग्लंडला गेल्या, वाँटेजला बाप्तिस्मा घेतला. १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं तेव्हा मुलगी आठ वर्षांचीही नव्हती. पुढे दुष्काळातल्या मुली गोळा केल्या, केडगावची मुक्ती मिशन ही संस्था उभी राहिली. मूल मोठं होईपर्यंत थांबायचं म्हटलं असतं तर त्या मुलींचं काय झालं असतं?

विरार फास्ट (३० डिसेंबर, दुपारी १:४५)

रमाबाईंचं नाव घेताना त्या हिशेबाची दुसरी बाजूही मांडा. त्या अमेरिकेत व्याख्यानं देत निधी उभा करत होत्या तेव्हा मनोरमा आईजवळ नव्हती, वाँटेजच्या सिस्टरांकडे होती. वय वर्षं पाच-सहा. ती पुढे मुक्तीत आईच्या खांद्याला खांदा लावून राबली आणि १९२१ मध्ये आईच्या आधी गेली. आई १९२२ मध्ये. मोठी माणसं होती दोघी, वादच नाही. पण त्या मोठेपणात लेकीने काय मोजलं ते आपण सोयीने विसरतो. आणि दृढीकरणाचा वर्ग म्हणजे दुष्काळ नव्हे. तो घ्यायला दुसरं कुणीतरी मिळतं.

नगरी मंडळी (३० डिसेंबर, दुपारी २:३०)

मिळतं? आमच्या संडे स्कूलला या.

बाकी तुमच्या मुद्द्याला माझं उत्तर असं की त्या बाईंना पर्याय नव्हता, ना नवरा, ना सासर. इथे दोन्ही आहेत. म्हणजे किंमत पोरीने एकटीने मोजायची गरजच नाही. प्रश्न वाटणीचा आहे.

एक जुनी गोष्ट सांगतो. मिशनच्या काळात आमच्याकडे ‘बायबल बाया’ असत. घरोघर जायच्या, बायकांना वाचायला शिकवायच्या, आजाऱ्यांपाशी बसायच्या. त्यांना मिशन पगार देई. थोडा असेल, पण देई. आज तेच काम सेवा म्हणून फुकट मागतात आणि वर बाईलाच अपराधी वाटायला लावतात.

पाळण्याची दोरी (३० डिसेंबर, दुपारी ४:०५)

शेवटच्या वाक्याला माझी सही.

कुठल्याही धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) शनिवारी दुपारी डोकावून बघा. वेदीवर फुलं लावणारी बाई, फरशी पुसणारी बाई, वेदीवरची वस्त्रं इस्त्री करून आणणारी बाई, मुलांना गाणी शिकवणारी बाई. मग सणाच्या दिवशी माइक कोणाच्या हातात असतो तेही बघा. भुईगावच्या सुने, तू नाव देऊ नकोस असं माझं स्पष्ट मत. मुलीसाठी नाही, तत्त्व म्हणून. ज्यांना तरुण आया हव्या आहेत त्यांनी आधी वर्गाच्या वेळेत पाळणाघर चालवावं. एक खोली, दोन चटया, आळीपाळीने बसणारे दोन बाबा. इतकंही जमत नसेल तर त्यांना माणूस नको आहे, नुसते हात हवेत.

सुकेळी (३० डिसेंबर, दुपारी ४:४०)

पाळणाघराचं शंभर टक्के बरोबर. पण ते मिळेपर्यंत संप करायचा म्हणजे त्या वाट्यांवाल्या आजींनी काय करायचं? त्यांना पॅरिश कौन्सिलमध्ये कोण बसतं याच्याशी काय देणंघेणं? तुमचा राग चर्चवर, आणि भोगायचा त्यांनी.

पाळण्याची दोरी (३० डिसेंबर, दुपारी ४:५२)

याच वाक्यावर बायका पिढ्यान्‌पिढ्या फुकट राबल्यात, ताई. समोर कुणीतरी आजी नेहमीच असते.

रविवारचा बाप (३० डिसेंबर, संध्याकाळी ७:३०)

इतके प्रतिसाद झाले, कुणी एकाने तरी विचारलं का, नवरा काय करतो?

माझा मुलगा तीन वर्षांचा. मिस्सेत प्रवचन सुरू झालं की त्याचंही सुरू होतं. मी त्याला बाहेर ग्रोटोपाशी (मरियेच्या गुहेसारख्या देवळीपाशी) घेऊन जातो, तिथे मेणबत्त्यांचं वितळलेलं मेण खरवडायला त्याला फार आवडतं. दर रविवारी कोणी ना कोणी मावशी विचारते, “बायकोला बरं नाही का?” बायको आत कोअरमध्ये गातेय, ठणठणीत आहे! बापाने मूल सांभाळलं की घरात आजारपण आहे असंच आपल्याकडे समजतात.

नाना, तुमच्या ‘कुर्बान’च्या दाखल्यात पोरीच्या वाट्याचं काढून घेणारी एकटी आईच कशी? बापाचा रविवार कुठे जातो?

भुईगावची सून (३० डिसेंबर, रात्री १०:१५)

विचारलंत ते बरं केलंत. नवऱ्याला रविवारी सुट्टी असते. तो म्हणतो, तू जा, मी बघतो. मग वर्गाची वेळ कळली, सकाळच्या मिस्सेनंतर. तेव्हा त्यांचा फुटबॉल. वसईतल्या माणसाला फुटबॉल सोड म्हणणं म्हणजे काय ते वसईकरांना सांगायला नको. काल म्हणाला, तुझ्या सेवेसाठी माझा खेळ का जावा? मी म्हटलं, तुझ्या खेळासाठी माझी सेवा का जावी? तेव्हापासून दोघं सासूबाईंमार्फत बोलतोय.

आगाशीचा नाना (३१ डिसेंबर, सकाळी ५:५०)

बापाला मी सोडलं असं समजू नका. व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये कुटुंबाला घरातलं चर्च म्हटलं, आणि मुलांना शब्दाने आणि वागण्याने श्रद्धा शिकवणारे पहिले शिक्षक आईवडील, दोघंही. फुटबॉल दुपारी खेळता येतो.

पण माझं मूळ म्हणणं तसंच आहे. तुम्ही सगळे विन्सेंट दी पॉलचं नाव घेता. ती सोसायटी १८३३ मध्ये पॅरिसमध्ये निघाली तेव्हा तिचे संस्थापक फ्रेडरिक ओझानाम वीस वर्षांचे विद्यार्थी होते, लग्न आठ वर्षांनी झालं. ज्याच्या मागे पाळणा नाही त्याने धावावं, हाच शहाणपणा. प्रेषितांची कृत्ये, सहावा अध्याय: विधवांच्या जेवणाकडे दुर्लक्ष होतंय कळल्यावर प्रेषितांनी सगळं आपल्याच अंगावर घेतलं नाही. सात माणसं निवडली आणि काम वाटून दिलं.

सुकेळी (३१ डिसेंबर, सकाळी ८:१०)

ओझानाम यांना पुढे मुलगी झाली, नाना. ती झाल्यावर त्यांनी गरिबांची कामं टाकून दिली नाहीत.

वॉर्ड नंबर चार (३१ डिसेंबर, सकाळी ११:३०)

मी नर्स आहे, श्रद्धेच्या वादात पडत नाही. मुलीला घरभेटीला नेणार असाल तर एवढं बघा. ज्या घरात कुणी खोकतंय, टीबीचं औषध चालू आहे, ताप आहे, तिथे दोन वर्षांच्या मुलाला नेऊ नका. उलटंही तितकंच खरं. पाळणाघरातून सर्दी घेऊन आलेलं मूल ऐंशीच्या माणसाला महागात पडतं. मुलीला शेंबूड असेल त्या दिवशी भेट पुढे ढकला, फोन करा. आणि त्या गोळ्यांच्या वाट्या! लेकीने हात घातला हे वाचून माझ्याच पोटात गोळा आला. ब्लडप्रेशरची एक गोळीसुद्धा एवढ्या मुलाला धोक्याची असते. आजींना झाकणाचा, वारांचे कप्पे असलेला डबा घेऊन द्या, केमिस्टकडे मिळतो. पोचलात की आधी तो उंचावर ठेवा, मग गप्पा.

पुणेकर शेजारी (३१ डिसेंबर, दुपारी १२:२०)

मी हिंदू, उगाच नाक खुपसतोय. आमच्या सोसायटीतही अशा आजी आहेत, आमच्याकडे कुणी नावंसुद्धा मागत नाही. तुमच्याकडे निदान यादी तरी आहे. बाकी चालू द्या.

भुईगावची सून (३१ डिसेंबर, संध्याकाळी ५:४५)

रात्री मिस्सेला जायचंय, त्याआधी सांगून टाकते. घरभेटींना नाव देतेय, वर्गाला नाही. घरभेट महिन्यातून एका शनिवारी दुपारी, मुलगी बरी असेल तर बरोबर, नाहीतर तिच्या बाबांकडे. शनिवारी फुटबॉल नसतो. डबा उद्या घेते. नाना, तुम्हाला पटणार नाही, माहितेय. पाळणाघराचं फादरांच्या कानावर घालते, पण पाळण्याची दोरी ताई, त्यासाठी थांबून राहणार नाही.

आगाशीचा नाना (३१ डिसेंबर, संध्याकाळी ६:०५)

नाही पटलं. पण एक सांगतो, नवस म्हणून बोलू नकोस. देवाला दिलेला शब्द बांधून घालतो. संकल्प म्हणून ठेव, पोर आजारी पडली तर सोडता येईल.

विरार फास्ट (३१ डिसेंबर, संध्याकाळी ६:३०)

आता मी उलटं बोलतो. वर्ग सोडलास ते चूक. आजीकडे जायला नाना तयार आहेत, सुकेळी तयार आहे. नववीच्या वीस पोरांसमोर उभं राहून, देव असेल तर आमच्या मित्राचा अपघात का झाला, या प्रश्नाला उत्तर द्यायला कोण तयार आहे? त्यांना तिशीच्या आतलं, नोकरी करणारं, त्यांच्यासारखंच थकणारं कुणीतरी लागतं. आमच्यासारख्यांचं ती पोरं ऐकत नाहीत.

भुईगावची सून (३१ डिसेंबर, संध्याकाळी ६:४१)

काल तर म्हणालात की वर्ग घ्यायला दुसरं कुणीतरी मिळतं. मग तुम्हीच घ्या ना.

विरार फास्ट (३१ डिसेंबर, संध्याकाळी ६:४४)

माझी शनिवारी ड्यूटी असते.

सुकेळी (३१ डिसेंबर, संध्याकाळी ६:४५)

वर्ग रविवारी आहे.