मदत हवी आहे : वरच्या मजल्यावरील वॉशिंग मशीनची थरथर खालच्या खोलीपर्यंत पोहोचते

नमस्कार. आमचे नाशिकमध्ये तळमजला आणि वर एक मजला असे रो-हाउस आहे. वॉशिंग मशीन पूर्वी तळमजल्यावर, स्वयंपाकघराला लागून असलेल्या मोरीत होते आणि तेथे त्याचा काहीही त्रास नव्हता. गेल्या हिवाळ्यात वरच्या मजल्यावरील मागच्या गच्चीचा काही भाग पत्रा टाकून बंदिस्त केला, तेथे नळ व सांडपाण्याची सोय करून घेतली आणि मशीन वर नेले, कारण कपडे वाळत घालण्याची जागा वरच आहे आणि ओल्या कपड्यांच्या बादल्या घेऊन जिना चढणे घरातील कोणालाच झेपत नव्हते. तेव्हापासून कपडे पिळण्याचा टप्पा सुरू झाला की मशीन जोराने थरथरते, जागचे हलते आणि ती थरथर खालच्या खोलीत स्पष्ट जाणवते. त्या खोलीत माझ्या सासूबाई असतात. त्यांच्या कपाटाच्या काचा वाजतात, पलंगालाही हादरे बसतात, आणि दुपारी त्यांची झोप मोडू नये म्हणून मला कपडे धुण्याची वेळ सतत बदलावी लागते.

मशीन समोरून दार उघडणारे, ७ किलो क्षमतेचे असून त्याची पिळण्याची कमाल गती मिनिटाला १२०० फेरे आहे. खोलीच्या जमिनीला गच्चीचा मूळचा उतार तसाच आहे. स्लॅबवर वीटबट कोबा (विटांचे तुकडे घालून केलेला वॉटरप्रूफिंगचा थर), त्यावर फरशी आणि एका कोपऱ्यात पाणी जाण्याची जाळी अशी रचना आहे. मशीन चाकांच्या लोखंडी ट्रॉलीवर ठेवले होते. ट्रॉली काढून ते थेट फरशीवर ठेवून पाहिले, तेव्हा जागचे सरकणे कमी झाले, पण खाली जाणवणारी थरथर फारशी कमी झाली नाही. पायांखाली रबराच्या वाट्याही घातल्या. त्यांनी फरशीवर आपटल्याचा आवाज गेला, मात्र एका विशिष्ट गतीला मशीन पूर्वीपेक्षा अधिक हलू लागले, याचे मला आश्चर्य वाटते. सेवा केंद्रातून आलेल्या तंत्रज्ञाने मशीनमध्ये दोष नाही आणि वरच्या मजल्यावर असे होतेच, एवढेच सांगितले. मला हे उत्तर पुरेसे वाटत नाही, कारण इमारतींमध्ये चौथ्या-पाचव्या मजल्यावरील ड्राय बाल्कनीत अशीच मशीन वर्षानुवर्षे शांतपणे चालतात.

मला प्रामुख्याने तीन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. या हादऱ्यांमुळे स्लॅबला किंवा गच्चीच्या वॉटरप्रूफिंगला धोका आहे का? मशीनखाली पक्का ओटा बांधल्यास थरथर कमी होईल की ओट्यामुळे भार आणि हादरा दोन्ही वाढतील? आणि रबर अधिक जाड घ्यावे की पूर्ण काढूनच टाकावे? ज्यांनी स्वतःच्या घरी हा प्रश्न सोडवला आहे किंवा ज्यांना बांधकामाची अथवा यंत्रांची माहिती आहे, त्यांनी कृपया सविस्तर मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

ताई, स्लॅबची काळजी आधी दूर करतो. राहत्या खोल्यांसाठी आयएस ८७५ या भारतीय मानकात चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे २०० किलो भार गृहीत धरलेला असतो. तुमचे मशीन, कपडे आणि पाणी मिळून साधारण ९० किलोच्या आसपास जातील. नीट बांधलेल्या आरसीसी स्लॅबला एवढ्या वजनाने किंवा घरगुती मशीनच्या हादऱ्याने धोका नसतो. मात्र दोन गोष्टी अवश्य पाहा. बंदिस्त केलेला भाग खालच्या भिंतीच्या बाहेर आलेला, म्हणजे कॅन्टिलिव्हर, असेल तर मशीन त्याच्या मोकळ्या टोकाला मुळीच ठेवू नका, कारण तेथे स्लॅब सर्वांत अधिक लवतो. दुसरे म्हणजे, खालच्या छताला आधीपासून तडे किंवा ओल असेल, तर वर कोणतेही काम करण्यापूर्वी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा.

आता थरथरीचे कारण. पिळताना ओले कपडे ड्रममध्ये सारखे पसरले नाहीत की एका बाजूला वजन अधिक राहते. समजा, केवळ अर्धा किलो वजन ड्रमच्या मध्यापासून २२ सेंटीमीटरवर अधिक राहिले, तर १२०० फेऱ्यांना ते सुमारे पावणेदोनशे किलो वजनाइतक्या जोराने ड्रमला बाहेर ओढते, आणि ती ओढ दर सेकंदाला वीस वेळा दिशा बदलते. यातील बहुतेक जोर मशीनच्या आतच जिरावा म्हणून टब स्प्रिंगांवर टांगलेला असतो, खालून त्याला शॉकअप (हादरे जिरवणारे दांडे) असतात आणि त्यावर काँक्रीटची वजने बसवलेली असतात. ही रचना धड असेल, तर जमिनीपर्यंत थोडाच भाग पोहोचतो. तुमचे मशीन जिन्यावरून वर नेले आहे. नेताना मागचे ट्रान्झिट बोल्ट (ने-आण करताना ड्रम हलू नये म्हणून लावायचे बोल्ट) लावलेले नसतील, तर एखादा शॉकअप निसटलेला किंवा स्प्रिंग जागेवरून सरकलेली असू शकते. म्हणून आधी ड्रम रिकामा ठेवून फक्त पिळण्याचा टप्पा चालवा. रिकामे मशीनही जोरात हलले, तर दोष आत आहे. तसेच मशीन बंद असताना ड्रम हाताने खाली दाबून सोडा. तो बहुधा एका झोक्यात स्थिर व्हायला हवा; वरखाली डोलत राहिला, तर शॉकअप गेलेले आहेत.

रबराने एका गतीला थरथर वाढली, यात आश्चर्य नाही, आणि बाजारात पॅड विकताना हे कोणी सांगत नाही याचे मला वाईट वाटते. रबर मशीनच्या वजनाने जेवढे दबते, त्यावर त्याची स्वतःची हेलकाव्याची गती ठरते. ते १ मिलिमीटर दबले, तर ही गती सेकंदाला सुमारे १६ हेलकावे, म्हणजे मिनिटाला साधारण ९५० फेऱ्यांइतकी येते. ड्रम वेग घेताना नेमका याच टप्प्यातून जातो आणि तेथे हादरा कमी होण्याऐवजी वाढतो. रबर ४ मिलिमीटर दबणारे असेल, तर ही गती निम्म्यावर, ४७५ च्या आसपास येते आणि साधारण ६७० फेऱ्यांच्या पुढे ते खरोखर हादरा अडवू लागते. पण इतक्या मऊ रबरावर उभे मशीन डोलू लागते. त्यामुळे आरसीसी स्लॅबवर मी पातळ, टणक रबर केवळ पाय सरकू नयेत म्हणून वापरीन. थरथरीचा उपाय म्हणून त्यावर विसंबणार नाही.

तुमच्या वर्णनावरून मला खरी शंका जमिनीच्या उताराची आहे. गच्चीला शंभरास एक इतका उतार असला, तरी ६० सेंटीमीटर रुंदीच्या मशीनखाली ६ मिलिमीटरचा फरक पडतो. प्रत्यक्षात उतार बहुधा याहून अधिक असतो. तो भरून काढण्यासाठी दोन पाय बरेच बाहेर काढावे लागतात आणि लांब काढलेला पाय लवतो. मशीनच्या माथ्यावर समोरासमोरचे कोपरे आलटून पालटून दाबून पाहा. थोडेही डगमगले, तर एक पाय अधांतरी आहे. पाय शक्य तितके आत घ्या, स्पिरिट लेव्हल दोन्ही दिशांना लावून पातळी साधा आणि प्रत्येक पायावरचा चेक नट (पाय फिरू नये म्हणून असलेला नट) मशीनच्या तळाकडे घट्ट आवळा. तो सैल राहिला, तर काही धुण्यांतच पाय फिरून पातळी बिघडते. ट्रॉली पुन्हा वापरू नका.

प्रतिसाद २

वरील प्रतिसादाशी सहमत आहे. त्यात दोन गोष्टींची भर घालते. मशीन भिंतीला किंवा नळाच्या पाइपला कोठे टेकते का, ते पाहा. आमच्याकडे सांडपाण्याचा पाइप भिंतीवर क्लॅम्पने आवळलेला होता आणि त्यातूनच थरथर खाली उतरत होती. क्लॅम्प आणि पाइप यांच्यामध्ये रबराची पट्टी घातल्यावर खालच्या मजल्यावरील आवाज बराच कमी झाला. दुसरे म्हणजे, कपडे भरण्याची पद्धत. एकच सोलापुरी चादर किंवा एकच जाड पायपुसणे घातले, तर ते पाणी पिऊन एका बाजूला गोळा होते आणि मशीनला तोल साधताच येत नाही. चादरी दोन घ्या किंवा सोबत टॉवेल घाला. जड कपड्यांसाठी गती ८०० वर ठेवल्यास ओढ १२०० च्या तुलनेत निम्म्याहूनही कमी, सुमारे ४४ टक्के होते. उन्हाळ्यात नाशिकमध्ये तेवढे पिळणे पुरते. पावसाळ्यात मात्र कपडे वाळायला अधिक वेळ लागेल.

धागाकर्ती

आपण दोघांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. सुचवलेल्या चाचण्या करून पाहिल्या. रिकामे मशीन १२०० फेऱ्यांना जवळजवळ निःशब्द चालते आणि ड्रम दाबून सोडल्यावर लगेच स्थिर होतो. डगमग मात्र स्पष्ट आहे, आणि पाय कितीही जुळवले तरी जाळीच्या बाजूचा पाय ज्या फरशीवर येतो, ती फरशी ठोकल्यावर पोकळ वाजते. बंदिस्त भाग कॅन्टिलिव्हर नाही. त्याच्या एका कडेखाली स्वयंपाकघराची भिंत आणि बीम आहे, आणि सध्या मशीन त्या कडेपासून दूर, सासूबाईंच्या खोलीच्या मधोमध वर येते. आता ते बीमवरच्या कोपऱ्यात हलवून त्याखाली समतल बैठक करून घेण्याचा विचार आहे. त्यासाठी काँक्रीटचा ओटा घालावा की शहाबादी फरशी बसवावी? आणि तेथील जुनी फरशी उखडल्यास वॉटरप्रूफिंग बिघडेल का?

प्रतिसाद १

जागा बदलण्याचा विचार अगदी योग्य आहे. बीमजवळ स्लॅब कमीत कमी लवतो, त्यामुळे बाकीचे सर्व तसेच ठेवले तरी केवळ या बदलाने खालचा हादरा कमी जाणवेल. ओट्याबाबत माझे मत शहाबादीच्या बाजूने आहे. ७५ सेंटीमीटर लांबी-रुंदीचा आणि १० सेंटीमीटर जाडीचा काँक्रीटचा ओटा सुमारे १३५ किलोचा होतो. वजन वाढल्याने हादरा कमी होतो हे खरे, पण तुमच्या मशीनमध्ये दोष नसताना गच्चीवर एवढा भार वाढवण्याची गरज मला दिसत नाही. त्याच मापाची ३ सेंटीमीटर जाडीची शहाबादी ४५ किलोच्या आसपास भरते आणि तिच्या खडबडीत पृष्ठभागावर पायही सरकत नाहीत.

नव्या कोपऱ्यातील प्रत्येक फरशी लाकडी दांड्याने ठोकून पाहा. घट्ट बसलेल्या फरशा उखडू नका. त्यांचा गुळगुळीतपणा छिन्नीने मोडून त्यावर सिमेंटचा माल उताराच्या उलट दिशेने कमी-अधिक जाडीचा भरून शहाबादी पातळीत बसवा. माल संपूर्ण तळाखाली भरला पाहिजे. गवंडी अनेकदा चार कोपऱ्यांना आणि मध्ये एकेक गोळा ठेवून फरशी दाबतात, तसे येथे चालणार नाही, कारण मग तीच पोकळी पुन्हा तयार होते. पोकळ वाजणारी फरशी मात्र काढावीच लागेल. ती काढताना ब्रेकर मशीन लावू देऊ नका, हाताने छिन्नी चालवून फक्त फरशी आणि तिच्याखालचा सुटलेला माल काढा आणि कोब्याला धक्का लावू नका. उघड्या जागेवर वॉटरप्रूफिंगचे रसायन मिसळलेला माल भरा, सांधे पॉलिमर ग्राउटने बंद करा, आणि बैठकीच्या चारही बाजूंनी पाणी जाळीकडे जाण्यास वाट राहील असे पाहा. बैठक निदान आठवडाभर पाणी मारून पक्की होऊ द्या आणि त्यानंतरच मशीन तिच्यावर ठेवा. मशीन पुन्हा हलवताना ट्रान्झिट बोल्ट आधी लावून घ्या आणि जागेवर ठेवल्यावर, मशीन सुरू करण्यापूर्वी, ते न विसरता काढा.